आमच्यात असलं काही नाही

माझ्या सुनेच्या तोंडात तीळ भिजत नाही. लग्न होऊन नऊ वर्षं झाली, तरी घरातलं काय घरात ठेवायचं आणि दारात काय न्यायचं हे तिला उमगलेलं नाही. परवा तर कहर केला. प्रसूतिगृहाचा खरेदीबाबू आमच्या शिलाईखान्यात आला, पेशंट बायकांच्या झग्यांचं काम कुठवर आलं ते विचारायला. मी आदल्या दिवशीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, छोट्या मास्तरांची, म्हणजे माझ्या मुलाची, पाठ धरलीय एवढंच सांगायचं. पाठीच्या दुखण्याला कुणी नावं ठेवत नाही. आणि ही बया, गळ्यात मोजपट्टी, हातात कात्री, अकरा बायकांच्या देखत म्हणते, "साहेब, ते वॉर्डात आहेत. डॉक्टर म्हणतात बायपोलर असेल. तुमचं कापड त्यांनीच चुकीचं कापलं. आम्हाला दहा दिवस वाढवून द्या."

अकराच्या अकरा मशिनी एकदम थांबल्या. इतकी शांतता आमच्याकडे वीज गेल्यावरही नसते.

बाबूनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाला, "बारा घ्या," आणि चहा न घेताच गेला.

"मिळाले ना बारा दिवस?" सून म्हणाली.

"मिळाले. आणि बाराच्या बारा दिवस तो गावभर सांगत फिरेल. पाठ म्हणाली असतीस तर जीभ झिजली असती?"

"पाठ म्हणाले असते तर तो उद्या मलम घेऊन आला असता, आई. तुम्हाला माहीत नाही त्याचा स्वभाव."

बायका खाली मान घालून हसल्या. मला माझ्याच शिलाईखान्यात हसलेलं चालत नाही. पण ओरडायला तोंड उघडलं तोवर तिनं मला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे कुठे, तर काजाच्या मशिनीपाशी, जिथून सगळ्यांना सगळं ऐकू जातं. म्हणाली, "वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी परत विचारलंय. घरात आधी कुणाला होतं का. बाबांना असं काही व्हायचं का हो?"

मी म्हटलं, "आमच्यात असलं काही नाही."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माझा स्वभाव असा की एक घाव घातला की दुसरा आपोआप पडतो. मी म्हटलं, "तुझ्याकडचं बघ. तुझा मामा बाटलीशी गप्पा मारत गेला. आमच्यात शोधतेस ते तुमच्यात सापडेल."

तिचं तोंड लाल झालं. ती कापायच्या टेबलाकडे गेली आणि कामाला लागली. मला वाटलं, जिंकले.

काजाच्या मशिनीवर आमची काजवाली बसते. चौतीस वर्षं झाली तिला इथे. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. हातातलं काज पुरं केलं, दोरा दातानं तोडला, आणि पुढचा झगा ओढून घेतला. बस्स, एवढंच. पण मला तिथून उठून मागच्या खोलीत कापडाच्या ताग्यांमध्ये जाऊन उभं राहावं लागलं. कारण या जगात मी खोटं बोलते हे ओळखणारी एकच बाई उरलीय, आणि ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

आता खरं लिहिते.

माझे यजमान कटिंग मास्तर होते. आमच्या धंद्यात शिवणारे पुष्कळ, कापणारा एक. टेबलावर कापडाचे थर एकावर एक पसरायचे, चाळीस, पन्नास, जेवढं काम असेल तेवढे. वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि मग एकदाच पातं चालवायचं. एकदा कापलं की चाळीसही झगे कापले गेले. म्हणून कापणाऱ्याचं डोकं जाग्यावर लागतं. शिवणारी चुकली तर उसवता येतं. कापणारा चुकला तर देवालाही जोडता येत नाही.

मास्तर पहिल्यांदा चुकले तेव्हा मुलगा माझ्या कडेवर होता. शाळेच्या चड्ड्यांचं कापड होतं, पंचेचाळीस थर. तीन दिवस हे झोपले नव्हते, तरी ताजेतवाने. गाणी काय, गप्पा काय, वाटेल त्याला चहा काय. आणि चौथ्या दिवशी सकाळी मी येऊन बघते तर सगळ्याचे कोट कापलेले. लहान मुलांचे कोट, एकेका कोटाला अकरा खिसे. म्हणाले, "अगं, पोरांच्या खिशात मावत नाही म्हणून पोरं दुःखी असतात. हे कुणाच्याच डोक्यात कसं आलं नाही?" डोळे असे चमकत होते की मला क्षणभर खरंच वाटलं, कसं नाही आलं बाई कुणाच्या डोक्यात.

महिन्याभरानं तेच मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले. खिसे नाहीत, गाणी नाहीत, दाढी नाही. कात्री हातात दिली तर तिच्याकडे असे बघायचे जशी ती दुसऱ्या कुणाची आहे.

शेजारचे वेड म्हणाले. सासूबाई करणी म्हणाल्या. दूरच्या गावच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी उन्माद म्हटलं, आणि मास्तर पडले की विषाद म्हणायचे. म्हणजे एकाच माणसाला दोन आजार, वेगवेगळ्या ऋतूत. आम्ही दोघींनी, मी आणि काजवालीनं, आमचा शब्द काढला होता. मशिनीचा दोरा असतो ना, फार ताणला की तुटतो आणि सैल पडला की खाली गुंता होतो. तसं. "आज मास्तरांचा दोरा ताणलाय," ती मला दारातच सांगायची, आणि मी आधी कात्र्या लपवायचे, मग तोंड धुवायचे. गिऱ्हाइकाला सांगायचे, मास्तर बाहेरगावी गेलेत, कापड बघायला. बाहेरगावी मास्तर नऊ वेळा जाऊन आले. कापडाचा एक तुकडा कधी आणला नाही.

पुढे त्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी कागदावर मॅनिक डिप्रेशन असं लिहिलं आणि आम्हाला बसवून सांगितलं की हे दोन आजार नाहीत, एकच आहे, त्याला वरचं टोक आहे आणि खालचं आहे. लिथियमच्या गोळ्या दिल्या. ठरल्या दिवशी रक्त तपासायला जायचं, पाणी भरपूर प्यायचं, गोळी चुकवायची नाही. आणि काय सांगू, ती गोळी मास्तरांना लागू पडली. दोरा बसला. सोळा वर्षं माझा नवरा दुसऱ्या कुठल्याही नवऱ्यासारखा होता, म्हणजे घोरायचा, चिडायचा आणि कात्रीला कुणी हात लावला तर आकाशपाताळ एक करायचा. मुलानं विचारलं तर मी सांगायचे, बाबांची रक्तदाबाची गोळी. मोठा झाला तरी तेच. त्याला का शंका येईल? आई सांगते.

मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मास्तर म्हणाले, "दोघांना बसवून सांगतो. रक्तातलं आहे म्हणतात. त्यांना माहीत हवं." त्यांना लाज वाटत नव्हती. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा मला हे दिसत नव्हतं. ते म्हणायचे, आजार आहे, चोरी केली नाही. मी त्यांच्या हातून खडू काढून घेतला आणि म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलीकडचे उठून गेले तर मुलाला तुम्ही तोंड दाखवणार?" मास्तर गप्प बसले. माझ्यापुढे ते नेहमीच गप्प बसायचे. पाच वर्षांनी छातीत कळ येऊन गेले ते गप्पच.

गेल्या हिवाळ्यात मुलगा पडला. तसाच. भिंतीकडे तोंड. सून त्याला चौकातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, आणि मी बरोबर गेले, कारण मी नसले तर ती काय काय सांगेल याचा नेम नाही. डॉक्टरांनी बरंच विचारलं. मग म्हणाले, "घरात कुणाला बायपोलर वगैरे?"

तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पण तोंड उघडायच्या आत मला कळलं होतं ते काय विचारताहेत. मूर्ख नाही मी. आणि त्याच क्षणी हेही कळलं की या शब्दाआड मला उभं राहता येईल. आमच्या घरात हा शब्द कधी आला नव्हता. मास्तरांच्या एकाही कागदावर नव्हता. मी म्हटलं, "आमच्यात असलं काही नाही," आणि स्वतःला समजावलं की मी खोटं बोलले नाही.

डॉक्टरांनी नुसत्या उदासीच्या गोळ्या दिल्या. पाच-सहा आठवड्यांत मुलगा उठला, दाढी केली, चहा मागितला. मी म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. काजवालीला डोळा मारून म्हटलं, "बघ, काही नव्हतं." ती म्हणाली, "फार भरभर उठले हो छोटे मास्तर." मी तिला म्हटलं, तू काजं कर.

मग तो गाऊ लागला. पहाटेच शिलाईखाना उघडू लागला. वाटेतल्या माणसांना बोलावून आपले बेत सांगू लागला. सून घाबरली, मी हसले. आणि एका सोमवारी सकाळी आम्ही येऊन बघतो तर प्रसूतिगृहाचं सगळं कापड कापलेलं. अडतीस थर. झग्यांना कॉलर, पुढे बटणपट्टी, लांब बाह्या, पट्टा. मुलगा टेबलावर उभा राहून आम्हाला सांगत होता, "पेशंटच्या झग्याची पाठ उघडी का असते? आजारी माणसाला लाज नसते का? बाई बाळंत व्हायला जाते, आणि तुम्ही तिला मागून उघडी करून फिरवता! हा झगा घालून ती साहेबासारखी चालेल!"

सून त्याला खाली उतरवायला धावली. मी जागची हलले नाही. मी टेबलाकडे बघत होते. कापलेलं कापड, खडूचा भुगा, आणि कड इतकी सुरेख की पात्याचा एक धक्का कुठे दिसू नये. असं सुरेख चुकीचं कापलेलं मी आयुष्यात याआधी एकदाच पाहिलं होतं.

मला तेव्हाच कळलं. आणि तरी, चार दिवसांनी, काजाच्या मशिनीपाशी उभी राहून, मी सुनेला तिचा मामा काढून दाखवला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात आम्हाला बोलावलं होतं. छोटीशी खोली, चार खुर्च्या, खिडकीला जाळी. डॉक्टरीणबाई तरुण, माझ्या मुलापेक्षा लहान असतील. मुलगा आमच्यात बसला होता. औषधानं जीभ जड झाली होती, पण डोळे त्याचे होते. बोटानं मांडीवर काहीतरी आखत होता.

डॉक्टरीणबाईंनी घरच्यांचं विचारलं. मी काही बोलायच्या आत सून म्हणाली, "यांच्याकडे कुणी नाही. माझा एक मामा प्यायचा. तुम्हाला उपयोग होत असेल तर लिहा."

मान खाली घालून म्हणाली. हे माझ्या घरचं झाकण्यासाठी तिनं केलं नव्हतं, मी तिला दिलेलं खरं मानून केलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांचं रक्त तुमच्या यजमानांकडे येत नाही हो. पण लिहिते." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी तो मामा माझ्या मुलाच्या कागदावर लिहिला. मेलेला माणूस. त्यानं माझं काय घोडं मारलं होतं? मी बसून राहिले. 

मग सुनेनं विचारलं, "पण बाई, हा बायपोलर म्हणजे नेमकं काय? नवीनच काही आहे का? आधी नव्हतं कुणाला?"

"आजार जुनाच आहे," त्या म्हणाल्या. "नाव बदलत आलं. आधी उन्माद वेगळा आणि विषाद वेगळा धरायचे. मग लक्षात आलं की एकाच माणसाला दोन्ही होतात, एकच आजार आहे. तेव्हा मॅनिक डिप्रेशन म्हणू लागले. पुढे तेही बदललं. मॅनिक हा शब्द लोक शिवीसारखा वापरायला लागले होते, आणि काहींना एक टोक फार मोठं नसतं, त्यांना तो बसत नव्हता. आता बायपोलर. म्हणजे दोन टोकांचा. काही पेशंट मला सांगतात, जुनं नावच बरं होतं, निदान ऐकल्यावर काय होतं ते कळायचं. नाव कुठलंही घ्या, माणूस तोच."

आड उभं राहायला जो शब्द मी धरला होता तो बाईंनी सहज बाजूला केला, आणि मागे मी, उघडी.

त्या पुढे सांगत होत्या. "मी सारखं विचारते त्याला कारण आहे. जवळच्या नात्यात कुणाला असेल, तर निदानाला मदत होते. उदासीच्या नुसत्या गोळ्या अशा माणसाला जपून द्याव्या लागतात, त्यांनी कधी कधी हे असं उसळतं. आणि त्या नातेवाइकाला एखादं औषध लागू पडलं असेल तर तेही मला हवं. बापाला लागू पडलं म्हणजे मुलाला पडेलच असं नाही. पण सुरुवात कुठून करायची ते ठरवता येतं. नाहीतर एक औषध, मग दुसरं, मग तिसरं, यात महिने जातात."

म्हणजे ते औषध मला ठाऊक होतं. सोळा वर्षं मी ते स्वतःच्या हातानं, पाण्याच्या भांड्याबरोबर दिलं होतं. आणि तरीही मी बोलले नाही! मनात हेच, की आता बोलले तर सून काय म्हणेल. मुलगा समोर बसलाय आणि मला सुनेची पडली होती.

मुलगाच बोलला. शब्द एकेक करून, जड.

"आई, मग मलाच कसं झालं गं? बाबा एवढे सरळ. तू अशी खंबीर. सगळ्या घरात मीच एकटा असा कसा निघालो?"

मी म्हटलं, "नाही निघालास."

"काय?"

"एकटा नाही. बाबांना होतं. तुला होतं तेच. ते बाहेरगावी जायचे ना, ते दवाखान्यात असायचे. आणि ती गोळी रक्तदाबाची नव्हती. लिथियमची होती. सोळा वर्षं घेतली. लागू पडली होती." आणि मग डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "तो मामा खोडा. तिथे माझ्या नवऱ्याला लिहा."

सूनबाईची खुर्ची करकरली. मी तिकडे पाहिलं नाही.

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला तर बरं, असंही वाटलं. तो म्हणाला, "बाबांनी काय कापलं होतं?"

"शाळेच्या चड्ड्यांचे कोट. अकरा अकरा खिसे."

"थर किती?"

"पंचेचाळीस."

तो हसला. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा, हळू, माणसासारखा. "माझे अडतीसच," म्हणाला. मग ते हसू कुठेतरी विरलं आणि त्यानं तळहातानं डोळे झाकले. "तू मला सांगायचं होतंस गं. मी दोन महिने भिंतीकडे बघत विचार करत होतो, की माझ्यासारखा नालायक कुणी जन्माला आला नसेल."

 

डॉक्टरीणबाईंनी मग सगळं विचारून घेतलं. किती वर्षांचे असताना पहिल्यांदा, किती वेळा, गोळी कधी सुरू झाली, रक्तात काही बिघाड निघाला का. मी भडाभडा सांगत गेले, काही राखलं नाही. त्या लिहीत होत्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी भांडले तरी असते. शेवटी म्हणाल्या, "आज याचं रक्त तपासायला पाठवते. मूत्रपिंड ठीक असेल तर बहुतेक तिथूनच सुरुवात करू."

बाहेर आलो. सून जिन्यात थांबली, कठड्याला धरून. माणसं वरखाली करत होती. माझ्या सुनेला लोक असले नसले सारखंच.

"नऊ वर्षं, आई."

"हो."

"लग्नाच्या आधी सांगितलं असतंत तर..."

"तर तू लग्न केलं नसतंस. म्हणूनच नाही सांगितलं."

"केलं असतं!" ती इतक्या जोरात म्हणाली की खालचा कंपाउंडर वर बघू लागला. "मला तो आवडला होता. पण गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी विचारलं ना, तेव्हा मी सांगितलं असतं. त्या गोळ्या नुसत्या घ्यायला लागल्या नसत्या. तो टेबलावर उभा राहून... सगळ्या बायकांसमोर..." तिनं कठड्यावर हात आपटला. "आणि काल तुम्ही माझा मामा काढलात. माझ्या आईचा भाऊ. मी घरी जाऊन विचार करत बसले, की खरंच माझ्यामुळे तर नाही ना आलं काही या घरात. माझ्या पायगुणानं."

मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही. मास्तरांची नाही, सासूची नाही. ते कसं करतात ते मला येत नाही. मी एक पायरी खाली उतरले, म्हणजे तिचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं, आणि आजूबाजूला माणसं होती तरी, किंवा होती म्हणूनच, आवाज खाली न आणता बोलले.

"ऐक. मामा काढला ते पाप माझं. आमच्या घरची घाण मी तुझ्या माहेरच्या दारात नेऊन टाकली, तीही अकरा बायकांसमोर. उद्या त्याच बायकांसमोर, मशिनी बंद करून, मी ती उचलणार आहे. तुला बरं वाटो न वाटो. दुसरं, मुलाला जे भोगावं लागलं त्यातलं निम्मं आजाराचं आणि निम्मं माझं. कुणी विचारलं तर असंच सांग, सावरून घेऊ नकोस. आणि तिसरं, आजपासून डॉक्टरांशी तू बोलायचं. मी फक्त बसेन. मी पुन्हा 'आमच्यात असलं काही नाही' म्हणाले, तर तिथेच, सगळ्यांच्या देखत, मला गप्प कर. तू या घरच्या माणसाची आहेस, मी नुसती घराच्या अब्रूची होते."